झ्विफ्टच्या शर्यतीत कोणती सायकल, कोणती चाकं? नवख्यांसाठी भूमिकेनुसार निवड

पावसाळा लागला की पुणे, मुंबई, नाशिककडचे बरेच सायकलवाले माळ्यावरचा ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र, खाली काढतात आणि घरातल्या घरात झ्विफ्ट हा इंटरनेटवरचा सायकलिंगचा खेळ सुरू होतो. दोन-चार राइड्स मजेत जातात. मग कुणीतरी शर्यतीत ओढतं, शेवटून पाचवा नंबर येतो आणि प्रश्न पडतो, की आपली सायकलच चुकली का? ग्रुपवर विचारलं तर उत्तर तयार असतं: ‘ट्रॉन घे.’ ट्रॉन ही खेळातली सायकल, आणि ती मिळवायला एकूण ५०,००० मीटर चढावे लागतात, एवढं सांगायचं मात्र राहून जातं.

झ्विफ्टवर ‘सगळ्यात भारी’ अशी एकच सायकल नाही. शर्यतीत तुमचं काम नेमकं कुठे होतं ते आधी ठरवायचं. घाटात, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये, की पुढे निसटून एकट्यानं वारा खाताना? त्या जागेसाठी सायकल निवडायची. बाकीचा वेळ तुम्ही घोळक्यातच असता, आणि घोळक्यात सायकलीसायकलीतले फरक बरेचसे बुजून जातात.

खेळ काय मोजतो, काय मोजत नाही

हा खेळ बोटांनी खेळायचा नाही. खरी सायकल ट्रेनरवर लावायची, पायडल मारायचं; ट्रेनर तुमची ताकद वॉटमध्ये मोजून खेळाला पाठवतो. त्या वॉटांवरून वेग काढताना खेळ काही गोष्टी विचारात घेतो: तुमचं वजन, तुमची उंची, रस्त्याचा चढ, रस्त्याचा पृष्ठभाग, पुढे कुणाचा आडोसा आहे का, आणि खेळातली सायकल व चाकं. वजनाचा परिणाम चढावर दिसतो. उंचीचा परिणाम सपाटीवर, कारण उंच माणसाला वारा जास्त लागतो. म्हणून प्रोफाइलमध्ये दोन्ही आकडे खरे भरा. वजन चार किलो कमी टाकून घाटात पुढे जाणारे महाभाग असतात. ते ओळखूही येतात आणि त्यांच्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही.

आता न मोजल्या जाणाऱ्या गोष्टी. हेल्मेट, जर्सी, मोजे, गॉगल, सायकलीचा रंग यांचा वेगाशी काडीचा संबंध नाही. खेळातल्या दुकानात एरो, म्हणजे हवा कापणाऱ्या आकाराचं, हेल्मेट दिसलं म्हणून ते वेगवान असेल असं नाही, ते फक्त शोभेचं आहे. आडवा वाराही नाही. बाहेर खोल रिमची चाकं लावून लोणावळ्याच्या वाऱ्यात गेलात तर पुढचं चाक हातातून निसटायला बघतं. खेळात मागे भरीव डिस्क चाक लावून खुशाल कुठेही जा. नेहमीच्या शर्यतीत ब्रेक मारायचा नसतो, वळणावर कसब लागत नाही. त्यामुळे उतारावर चांगली वळणारी सायकल वगैरे विचार इथे सोडून द्या.

नव्या लोकांचा नेहमी गोंधळ होतो तो ‘ट्रेनर डिफिकल्टी’ या सेटिंगमुळे. चढ पायांना किती जाणवावा एवढंच ते ठरवतं. मूळ सेटिंग मधोमध, म्हणजे ५० टक्क्यांवर असतं. ते कमी केलं तर पाय हलके वाटतील, गिअर कमी बदलावे लागतील. पण तेवढ्याच वॉटला वेग तेवढाच राहील. तसंच, खेळातली सायकल बदलली म्हणून तुमच्या खऱ्या सायकलीचे गिअर बदलत नाहीत. घाटासाठी ‘हलकी’ सायकल घेतली आणि तरी पाय जड का, असं विचारणाऱ्यांना उत्तर हेच.

एकदा हिशेब करून बघा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण हा समजला की पुढची अर्धी निवड आपोआप होते.

धरून चालू, तुमचं वजन ७० किलो, सायकल ८ किलो, आणि तुम्ही सलग २०० वॉट मारता. सपाट रस्त्यावर, एकटे असताना, या २०० पैकी साधारण ३० वॉट टायरच्या घर्षणात जातात. उरलेले १७० वॉट वारा खातो. म्हणजे सपाटीवर वजनाला फारशी किंमत नाही, हवा कापण्यालाच आहे.

आता हाच माणूस आल्प द्यू झ्विफ्टवर घ्या. खेळातला सर्वात गाजलेला घाट, फ्रान्समधल्या आल्प द्युएझवर बेतलेला: १२.२ किलोमीटर, १०३६ मीटर चढाई, २१ वळणं. इथे वेग ताशी दहा-अकरा किलोमीटरवर येतो आणि वाऱ्याला जेमतेम चार-पाच वॉट जातात. बाकी जवळजवळ सगळी ताकद वजन वर न्यायला लागते. एक किलो वजन १०३६ मीटर वर न्यायचं तर दहा हजार ज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा हवी. २०० वॉटच्या माणसाला त्यासाठी पन्नासेक सेकंद लागतात. एरो सायकल आणि घाटाची हलकी सायकल यांच्यात अर्धा किलोचा फरक धरला, तर सत्तर मिनिटांच्या चढाईत पंचवीसेक सेकंद वाचले.

पंचवीस सेकंद थोडे की फार, हे तुम्ही तिथे काय करायला आलात त्यावर आहे. घाटमाथ्यावर पहिलं पोचायचं असेल तर फार. सहज फिरायला आला असाल, तर नाश्त्याला एक पाव कमी खाल्ला तरी चालेल.

ड्रॉप शॉप आणि लेव्हल

सुरुवातीला तुमच्याकडे ‘झ्विफ्ट कार्बन’ ही फ्रेम आणि ३२ मिलिमीटरची कार्बन चाकं असतात. ती वाईट नाहीत. ड्रॉप शॉपमधल्या, म्हणजे खेळातल्या दुकानातल्या, पुढच्या खरेदीसाठी दोन गोष्टी लागतात. पहिली लेव्हल: ती एक्सपी गुणांवर वाढते आणि दर किलोमीटरला २० एक्सपी मिळतात. दुसरी ‘ड्रॉप्स’, म्हणजे खेळातलं चलन, घामाचे थेंब. चढावर ड्रॉप्स भराभर पडतात. खेळाने सोडलेले रोबोपेसर असतात, कोको, मिगेल, मरिया अशा नावांचे, ठरलेल्या गतीनं न थांबता चालणारे. त्यांच्या जवळ टिकून राहिलात तर ड्रॉप्सचा गुणक वाढत जातो. रोजचा सराव तिथेच केला तर खरेदीचं वेगळं टेन्शन राहत नाही.

दुकानात प्रत्येक वस्तूसमोर दोन मापं दिसतात, एक हवेचं आणि एक वजनाचं. ढोबळ अंदाजाला ती ठीक आहेत. पण सारख्याच मापाच्या दोन सायकलींत प्रत्यक्षात फरक असू शकतो. ‘झ्विफ्ट इनसायडर’ ही वेबसाइट प्रत्येक फ्रेम आणि चाकांची जोडी ठरावीक वजन-उंचीच्या, एकाच वॉटने चालणाऱ्या स्वारावर तपासते: सपाटीसाठी टेम्पस फ्युजिट या मार्गावर, चढासाठी आल्पवर. मोठी खरेदी करण्याआधी तिथले तक्ते बघा. ड्रॉप्स परत मिळत नाहीत.

२०२४ पासून आणखी एक गोष्ट आली आहे: फ्रेम अपग्रेड. एकच फ्रेम पाच टप्प्यांत सुधारता येते. काही टप्पे तीवर ठरावीक अंतर, वेळ किंवा चढाई केल्यावर उघडतात आणि ड्रॉप्सही लागतात. त्यामुळे आता दर महिन्याला नवी फ्रेम घेत बसण्यापेक्षा एक बरी फ्रेम धरून तिच्यावर किलोमीटर घालणं जास्त शहाणपणाचं ठरतं. गॅरेजमध्ये वीस सायकली आणि एकही सुधारलेली नाही, ही अवस्था टाळा.

आधी चाकं, मग फ्रेम

पहिले ड्रॉप्स जमले की नवा माणूस फ्रेमकडे धावतो, कारण फ्रेम दिसते. माझं मत उलटं आहे. पहिली खरेदी खोल रिमच्या एरो चाकांची करा. एकच जोडी तुम्ही कुठल्याही रोड फ्रेमवर लावू शकता, म्हणजे पुढे फ्रेम बदलली तरी ड्रॉप्स वाया जात नाहीत. झिप ८०८, एन्व्ही एसईएस ७.८ ही या प्रकारातली ओळखीची नावं. वरच्या लेव्हलला डीटी स्विसचं किंवा झिपचं डिस्क चाक घेता येतं. सपाटीवर त्यांना तोड नाही.

झ्विफ्टवरचे बहुतेक मार्ग सपाट किंवा हलके चढउताराचे आहेत, म्हणून नव्या माणसाला घाटाच्या चाकांआधी हीच उपयोगी पडतात.

तुमची भूमिका कोणती?

इथे मनाचं ऐकू नका, आकड्यांचं ऐका. झ्विफ्टपॉवर या शर्यतींच्या निकालांच्या वेबसाइटवर किंवा झ्विफ्टच्या कम्पॅनियन अ‍ॅपमध्ये तुमची वेगवेगळ्या कालावधींची सर्वोत्तम ताकद दिसते. १५ सेकंद, १ मिनिट, ५ मिनिटं, २० मिनिटं हे चार आकडे काढा आणि तुमच्याच गटातल्या दोन-तीन जणांशी ताडून बघा. १५ सेकंदांत तुम्ही वरचढ आणि २० मिनिटांत मागे, तर तुम्ही स्प्रिंटर. २० मिनिटांचे वॉट वजनाने भागल्यावर तुम्ही पुढे, तर घाट तुमचा. पाच मिनिटांत चांगले असाल, तर छोटे, तीव्र चढ तुमचे. वजनाने न भागता नुसते वॉटच जास्त असतील, म्हणजे तुम्ही थोराड बांध्याचे असाल, तर सपाटीवर वारा खाण्याचं काम तुमच्याकडे येणार आहे.

घोळक्यातला कामगडी

सुरुवातीला जवळजवळ प्रत्येकजण हाच असतो आणि त्यात कमीपणा नाही. काम काय? फुटायचं नाही, आडोशात राहायचं, संघाचा कुणी मागे पडला तर त्याला ओढून आणायचं.

कुणाच्या तरी मागे असताना तेवढ्याच वेगाला साधारण पाव ताकद वाचते. रांगेत तिसऱ्या-चौथ्या जागी असाल तर एक-तृतीयांशाच्या आसपास. या आकड्यांसमोर एका फ्रेमपेक्षा दुसरीने वाचवलेले चार-पाच वॉट काहीच नाहीत. म्हणून कामगड्याने सर्वगुणी सायकल घ्यावी: कॅनियन एरोड किंवा स्पेशलाइज्ड टारमॅक यांसारखी, जी सपाटीवर चालते आणि मध्ये चढ आला तर पाय ओढत नाही. चाकं खोल रिमची. बस. हा विषय इथे संपतो. बाकीचा वेळ घोळक्यात जागा धरायला शिकण्यात घालवा. खेळाची गंमत अशी, की तुम्ही जरा पायडल हलकं केलं की घोळक्याच्या शेपटीला जाता आणि पुढच्या चढावर तिथूनच तुटता. नवे लोक शर्यत हरतात ती बहुतेक अशी, सायकलीमुळे नाही.

स्प्रिंटर

स्प्रिंटरची शर्यत शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत असते. तेव्हा वेग ताशी पन्नासच्या पुढे असतो आणि वाऱ्याचा मार वेगासोबत झपाट्याने वाढतो. म्हणून त्याने वजनाकडे दुर्लक्ष करून हवेकडे बघावं. स्पेशलाइज्ड व्हेंज, सर्व्हेलो एस५ अशा एरो फ्रेम, मागे डिस्क किंवा जमेल तेवढं खोल चाक.

पण स्प्रिंट चढावर संपतो का ते आधी तपासा. शेवटचे तीनशे मीटर चार-पाच टक्के चढ असेल तर सर्वगुणी सायकल बरी. मार्गाच्या माहितीत शेवटच्या किलोमीटरची आकृती असते, ती न बघता सायकल निवडणं म्हणजे अंधारात तीर.

क्रिट सिटीसारख्या छोट्या फेऱ्यांच्या मार्गावर दर फेरीत तेच वळण, तोच छोटा चढ येतो. तिथे सतत वेग वाढवावा लागतो. शेवटपर्यंत पायात जीव राहिला तर स्प्रिंट. इथे एरो हाच नियम, पण निकाल तुमच्या दमावरच लागतो.

स्प्रिंटरसाठी खऱ्या यंत्राचाही विचार करायला हवा. ट्रेनरची वॉटची मर्यादा बघा. वाहू किकर २२०० वॉटपर्यंत जातो, किकर कोअर १८०० वॉटपर्यंत. आपल्यापैकी बहुतेकांना कोअरसुद्धा पुरून उरतो. मर्यादेपेक्षा ट्रेनर किती पटकन आकडा पाठवतो हे जास्त जाणवतं, कारण स्क्रीनवर तुमचा धक्का दोन सेकंदांनी दिसला तर फिनिशला एक सायकल मागे पडायला तेवढं पुरतं. काही ट्रेनरना ‘रेस मोड’ असतो, तो चालू करा. सायकलीची मागची बाजू ट्रेनरवर घट्ट बसली आहे ना, हेही बघा. उभं राहून ताकद लावणार आहात.

घाटवाले

यांच्यासाठी मघाचा हिशेब. आल्प, किंवा फ्रान्सच्या नकाशातला व्हेन-टॉप (माँ व्हाँटूवर बेतलेला, २०.९ किलोमीटर आणि १५३४ मीटर चढाई), अशा ठिकाणी स्पेशलाइज्ड एथॉससारखी हलकी फ्रेम आणि हलकी चाकं घ्या. झिप ३५३ एनएसडब्ल्यू चढावर नावाजलेली आहेत. लाइटवेट कंपनीची माइलनस्टाइन ही चाकं सर्वात हव्याहव्याशा चाकांपैकी, पण ती विकत मिळत नाहीत. आल्प पायथ्यापासून माथ्यापर्यंत न सोडता चढलात की वर एक चक्र फिरतं आणि बक्षीस निघतं. बहुतेकदा हातमोजे नाहीतर थोडे एक्सपी. कधीतरी चाकं. ती नशिबात असतील तेव्हा येतील, त्यांच्यासाठी रोज आल्प चढून पाय मोडून घेऊ नका.

इथे एक पेच आहे. ‘रोड टू स्काय’ नावाचा मार्ग आल्पवर जातो, पण पायथ्याशी पोचण्याआधी तो जंगलातल्या मातीच्या रस्त्यावरून जातो. त्या मातीत रोड सायकल जड चालते. मग माउंटन बाइक घ्यावी का? नाही. माती थोडी आणि घाट तासाभराचा. मातीत सोबत्यांबरोबर थोडे जास्त वॉट घाला, आडोसा सोडू नका आणि खरं काम घाटात करा.

लांब चढावर आडोशाचा फायदा कमी होतो, कारण वेगच कमी असतो. म्हणून तिथे सायकलीचा फरक कुठे लपत नाही, आणि वजनाचा तर मुळीच नाही.

छोट्या चढांचे लोक

दोन-तीन मिनिटांचा चढ, वर लगेच सपाटी, मग पुन्हा चढ. यॉर्कशायर, रिचमंड आणि लंडनचे काही मार्ग असे आहेत. इथे शुद्ध घाटाची सायकल घेतलीत तर माथ्यावर पुढे निघाल, आणि सपाटीवर घोळका तुम्हाला गिळेल. शुद्ध एरो घेतलीत तर चढावर थोडे मागे पडाल, पण उतारावर परत जोडले जाल. माझ्या अंदाजाने दहापैकी आठ वेळा सर्वगुणी फ्रेम आणि एरो चाकं, हीच जोडी बरी. अपवाद एकच: शर्यत चढाच्या माथ्यावर संपत असेल तर हलकं घ्या.

२०२२ ची सायकलिंग ई-स्पोर्ट्सची जागतिक स्पर्धा झ्विफ्टच्या न्यूयॉर्क नकाशावर झाली होती आणि ती ऑस्ट्रेलियाच्या जे व्हाइनने जिंकली. माणूस घाटवाला, त्याच वर्षी त्याने स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत खऱ्या रस्त्यावर दोन टप्पेही जिंकले. अशा वरच्या पातळीवरही आधी पाय लागतात, मग सायकल.

एकट्यानं वारा खाणारे, आणि टाइम ट्रायल

घोळक्यातून निसटून पुढे जायचं ठरवलं असेल तर तुम्हाला आडोसा मिळणार नाही. इथे एरो फ्रेम आणि डिस्क चाकांचा फायदा पूर्ण वसूल होतो, कारण प्रत्येक सेकंदाला तुम्हीच वारा कापता. झ्विफ्टची ट्रॉन, म्हणजे कन्सेप्ट झेड१, याच कारणाने लोकांची आवडती: हवेत उत्तम, चढावर ठीक, आणि चाकं तिच्यातच बसवलेली, बदलायची सोय नाही. ती मिळवण्यासाठी एव्हरेस्टच्या नावाचं चढाईचं आव्हान मेनूत चालू आहे ना, हे आधीच बघून घ्या. पाच महिने चढून मग लक्षात आलं तर फार वाईट वाटतं.

टाइम ट्रायलची, म्हणजे टीटी सायकल, वेगळा प्राणी आहे. एकट्याने सपाटीवर ती सगळ्यात वेगवान. पण साध्या शर्यतीत तिला दुसऱ्याच्या मागे राहून आडोसा मिळत नाही. तुमच्या मागे बसणाऱ्याला मात्र तुमचा मिळतो. म्हणजे घोळक्याच्या शर्यतीत टीटी सायकल घेऊन जाणं म्हणजे बाकीच्यांना फुकट वाहन पुरवणं. नवे लोक ‘वेगवान’ ऐकून नेमकी हीच चूक करतात. वैयक्तिक टाइम ट्रायल असेल तेव्हा ती घ्या, मागे डिस्क चाकासह. संघाच्या टाइम ट्रायलला आडोसा महत्त्वाचा असतो, त्यामुळे बहुतेक संघ रोड सायकलीवर जातात. काही कार्यक्रमांत टीटी सायकलींनाही आडोसा चालू केलेला असतो, तो कार्यक्रमाच्या माहितीत लिहिलेला असतो. वाचून या. तिथेच कधीकधी सगळ्यांना एकच सायकल सक्तीची असल्याचंही लिहिलेलं असतं, मग आपली सगळी डोकेफोड वाया.

माती आणि दगड

रोड सायकलीला मातीत लागणारा टायरचा विरोध गुळगुळीत रस्त्याच्या सहापटीच्या आसपास आहे. ग्रॅव्हल सायकल आणि माउंटन बाइक तिथे पुष्कळ सुटसुटीत चालतात, पण डांबरी रस्त्यावर त्यांचा विरोध रोड सायकलीच्या दुप्पट. म्हणून जंगल सर्किटसारख्या मातीच्याच फेऱ्यांना माउंटन बाइक. माती-डांबर साधारण निम्मं-निम्मं असेल तर ग्रॅव्हल. मार्गात मातीचा एखादाच तुकडा असेल तर रोड सायकलीवरच तो झेला. मध्येच सायकल बदलता येते, पण त्यासाठी थांबून मेनूतून गॅरेजमध्ये जावं लागतं. तेवढ्या वेळात घोळका निघून जातो आणि परत तो भेटत नाही.

पॉवरअप कुणी कुठे वापरायचा

वाटेतल्या कमानींखाली कधीकधी पॉवरअप, म्हणजे थोडा वेळ टिकणारी मदत, मिळतो. घाटवाल्याने पीस राखून ठेवायचं. ते थोडा वेळ वजन कमी करतं, म्हणून चढाच्या सर्वात तीव्र तुकड्यावर वापरा. स्प्रिंटरने हेल्मेटचा पॉवरअप जपायचा, तो हवा कापायला मदत करतो; शेवटच्या पंधरा सेकंदांत, आधी नाही. व्हॅन आडोशाचा फायदा वाढवते, म्हणून ती घोळक्यातल्यांसाठी: दमलेले असताना मागे चिकटून राहायला. ऐरण वजन वाढवते, ती उतारासाठी. बरिटो मागच्यांना तुमचा आडोसा मिळू देत नाही आणि भुताचं चिन्ह तुम्हाला काही क्षण अदृश्य करतं, दोन्ही निसटणाऱ्यांच्या कामाची. स्टीमरोलर मातीवरसुद्धा डांबरासारखं चालू देतो.

संघात असाल तर हे वाटून घेता येतं. झ्विफ्ट रेसिंग लीगच्या गुणांच्या शर्यतींत अंतिम रेषेइतकेच मधल्या स्प्रिंटला आणि चढालाही गुण असतात. तिथे सहाही जणांनी सारखी सायकल घेऊन येण्यात अर्थ नाही. एक घाटासाठी हलक्यावर, एक-दोन स्प्रिंटसाठी एरोवर, बाकी सर्वगुणी. शर्यतीआधी हे फोनवर ठरवा. शर्यत सुरू होण्याआधी सगळे उभे असतात त्या जागेवरूनही गॅरेज उघडता येतं, तर पाच मिनिटं आधी या.

खरेदीचा क्रम

माझा सल्ला असा. आधी खोल रिमची चाकं. मग एक सर्वगुणी फ्रेम, तीच टप्प्याटप्प्याने सुधारत जा. त्यानंतर तुमच्या भूमिकेची एक खास गोष्ट: घाटवाल्याला हलकी चाकं, स्प्रिंटरला एरो फ्रेम. डिस्क चाक तोपर्यंत लेव्हलने उघडेल. टीटी सायकल, माउंटन बाइक नंतर, लागतील तेव्हा. आव्हान चालू असेल तर ट्रॉनसाठी वेगळं काही करायची गरज नाही. घाट चढत राहिलात की एक दिवस ती गॅरेजमध्ये उभी असेल.

खरा पंखा मात्र सर्वात आधी घ्या. मुंबईच्या दमटात पंख्याशिवाय तासभर ट्रेनर म्हणजे अंगातून तीस-चाळीस वॉट काढून घेतल्यासारखं, आणि खेळातली कुठलीही फ्रेम ते भरून देत नाही.

स्वतः तपासून बघायचं असेल तर

कम्पॅनियन अ‍ॅपमधून एक मीटअप, म्हणजे ठरवून एकत्र चालवायची राइड, तयार करा आणि त्यात ‘फक्त मीटअपमधले लोक दिसावेत’ हा पर्याय निवडा. म्हणजे रस्त्यावरच्या इतरांचा आडोसा मिळणार नाही. मार्ग टेम्पस फ्युजिट. ट्रेनर ठरलेल्या वॉटवर धरून ठेवता येतो, तसा धरा: समजा १५० वॉट. सुरुवातीच्या चाकांवर एक फेरी, वेळ लिहून ठेवा. थांबा, गॅरेजमध्ये जाऊन नवी चाकं लावा, त्याच वॉटवर दुसरी फेरी. पायडल मारायची गती दोन्ही वेळा सारखी ठेवा, आणि दुसऱ्या फेरीची वेळ मोजायला सुरुवात करायची ती सायकल पूर्ण वेगात आल्यावर, त्याच कमानीपासून.